उत्तरेचा बाण

माझ्या नवऱ्याने ग्रह शोधला, ही गोष्ट जगात सगळ्यात आधी मला कळली. त्याला स्वतःला कळायच्याही आधी. आणि मी 'नाही' म्हटलं.

बुधवार होता. दुपारचा डबा खाऊन मी नुकतीच खुर्चीत येऊन बसले होते. दहिवडीच्या बाहेर, शिंगणापूरच्या रस्त्याला आमचं केंद्र आहे. इथे दुर्बीण नाही, त्यामुळे बघायला येणारे पाहुणे हिरमुसतात. दुर्बिणी आहेत चिलीत आणि लडाखमध्ये. त्यांनी काढलेली आकाशाची चित्रं इथे येतात आणि आम्ही अकरा तपासनीस ती दिवसभर बघत बसतो. देशभरातले हौशी लोक त्याच चित्रांत ग्रह असू शकतील असे ठिपके शोधून आमच्याकडे पाठवतात. अशा ठिपक्याला आम्ही 'उमेदवार' म्हणतो. पाठवणाऱ्याचं नाव पुसलेलं असतं. प्रत्येक उमेदवार दोन तपासनीस बघतात. दोघं 'होय' म्हणाले तर लडाखची मोठी दुर्बीण तिकडे वळवतात. एक जरी 'नाही' म्हणाला तर उमेदवार बाद.

पडद्यावर उमेदवार क्रमांक ४४०३ होता. आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक छोटासा बाण, त्याच्या टोकावर 'उ'.

आमच्या प्रत्येक चित्रात उत्तर दिशा वरच असते. बाण काढायची गरज नसते आणि कोणी काढतही नाही. असा बाण या देशात एकच माणूस काढतो, धैर्यशील भोईटे. भूगोलाचा शिक्षक. नकाशावर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून नववीच्या पोरांचा एक गुण कापणारा. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने घरात अडकला होता, तेव्हा वेळ जावा म्हणून मीच त्याला ठिपके कसे बघायचे ते शिकवलं होतं. एकोणीस वर्षं मी त्याच्याशी संसार करते आहे, त्याचा बाण मला ओळखू येणार नाही?

उमेदवार कोणाचा ते ओळखू आलं, तर 'मी तपासू शकत नाही' हे बटण दाबायचं, असा आमचा साधा नियम आहे. माझं बोट त्या बटणाकडे गेलंही होतं. पण दाबायच्या आधी मी ठिपका बघितला.

ठिपका खरा होता. हे मी कसं सांगते? वीस वर्षं मी हेच करते आहे. भाजीवालीला भेंडी हातात घेतली की कोवळी की जून ते कळतं, तिला का म्हणून विचारलं तर सांगता येणार नाही. चार वर्षांच्या चित्रांतून निवडलेले एकोणतीस फिकट ठिपके, आणि ते जोडले की मागच्या ताऱ्यांसमोर एक वाकडं वेटोळं तयार होत होतं. नेमकं जसं व्हायला हवं तसं.

मी 'नाही' दाबलं. कारणाच्या यादीतून 'उपकरणाचा दोष' निवडलं. मग पुढचा उमेदवार उघडला आणि तो अतिशय प्रामाणिकपणे तपासला.

आता हे ग्रह प्रकरण काय आहे, ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखलं ते कळेल.

बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे कोणी शोधलेच नाहीत. ज्याला डोळे होते त्याला ते दिसत होते. पहिला शोधलेला ग्रह युरेनस, १७८१ साली, आणि तो कोणाला सापडावा, तर इंग्लंडमधल्या एका गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या माणसाला, घरामागच्या बागेत. त्यालाही आधी तो धूमकेतूच वाटला. त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं मोठमोठ्या ज्योतिर्विदांनी तोच ठिपका वहीत 'तारा' म्हणून लिहून ठेवला होता. नेपच्यून १८४६ साली आकडेमोडीने सापडला. युरेनस ठरल्या वाटेने चालत नाही, म्हणजे कोणीतरी त्याला ओढतंय, असं गणित मांडलं, जागा काढली आणि बर्लिनमध्ये दुर्बीण लावल्यावर तासाभरात तो दिसला. त्यातही एक गंमत आहे. पॅरिसमध्ये एकाने तो पन्नास वर्षं आधीच बघितला होता. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली जागा जुळेना, तेव्हा 'माझंच चुकलं असेल' म्हणून त्याने पहिली नोंद टाकून दिली. ठिपका हलला होता, आणि हलतो तोच तर ग्रह.

नेपच्यूनच्या पलीकडे अजून एक मोठा ग्रह असावा, असं काही जणांना या शतकाच्या सुरुवातीपासून वाटत होतं. तिथले काही बर्फाळ गोळे एकाच बाजूला कलल्यासारखे फिरतात, त्यांना कोणीतरी धरून ठेवलं असावं. असा ग्रह असला तर तो सूर्यापासून पृथ्वीच्या पाचशेपट लांब असणार, आणि एक फेरी मारायला त्याला अकरा हजार वर्षं लागणार. म्हणजे तो जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. पण आपण हलतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते, त्यामुळे तो ठिपका ताऱ्यांसमोर चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका सरकलेला दिसतो आणि पुढच्या सहा महिन्यांत मागे येतो. धावत्या एसटीतून जवळची बाभळ मागे पळते आणि लांबचा डोंगर जागेवर राहतो, तसंच हे.

त्या ग्रहाची जागा काढणं हे माझ्या डॉक्टरेटचं काम होतं. सात वर्षं मी गणित मांडलं आणि आकाशाचा एक तुकडा काढून दिला, मीन राशीत. त्या तुकड्यातला प्रत्येक ठिपका मी तीनदा बघितला आहे. तिथे काही नाही. धैर्यशीलचा ठिपका माझ्या तुकड्यापासून चाळीस अंश लांब होता. त्याला माझं गणित कळत नव्हतं, म्हणून तो बिचारा सगळीकडे बघत होता.

मला हेवा वाटला. याला दुसरा चांगला शब्द असता तर मी वापरला असता.

त्या संध्याकाळी घरी आले तर धैर्यशील ओट्याशी उभा राहून वांग्याचं भरीत करत होता. स्वयंपाक त्याला माझ्यापेक्षा बरा येतो, हेही मला फारसं आवडत नाही.

"आज तुझ्याकडे घेवडा आला होता का गं?" त्याने विचारलं.

"कसला घेवडा?"

"मी पाठवलाय एक. वाकडा आहे, शेंगेसारखा. म्हणून त्याचं नाव घेवडा." उमेदवारांना भाज्यांची नावं ठेवायची त्याची सवय होती. आतापर्यंत एक दोडका, दोन गवार आणि एक पडवळ बाद झालं होतं.

"असं विचारायचं नसतं," मी म्हटलं. "आणि सांगायचं तर मुळीच नसतं."

"बरं बाई, नाही विचारत." तो भरिताला फोडणी देत हसला. "पण यावेळी काहीतरी आहे बघ. एकोणतीस जागा जुळल्यात. मी चार वेळा मोजलं. आपल्याला काय कळतंय म्हणा, पण मला बघितल्या बघितल्या अंगावर काटा आला."

मी हात धुवायला आत गेले. न्हाणीघरात बराच वेळ नळ चालू ठेवला. माझ्या अंगावर वीस वर्षांत एकदाही काटा आला नव्हता.

आठ दिवसांनी त्याला निरोप आला की उमेदवार ४४०३ बाद झाला आहे, कारण उपकरणाचा दोष. त्याने तो मला वाचून दाखवला, मोबाइल लांब धरून, कारण चष्मा सापडत नव्हता.

"तुम्हा लोकांनी नीट बघितलंच असेल की," तो म्हणाला.

"बघितलंच असेल."

"नाही, माझी काही तक्रार नाही. मलाच वाटलं होतं, एवढं सोपं कसं असेल. तू वीस वर्षं खपतेस, आणि मी दोन वर्षांत, गुडघा शेकत शेकत..." त्याने वाक्य सोडून दिलं. "जरा हसू आलं स्वतःचं."

त्या दिवसापासून त्याने ठिपके बघणं बंद केलं. लॅपटॉप कपाटात गेला. शाळेतून आला की तो पेपर वाचायचा, मग पुन्हा तोच पेपर वाचायचा. एकदा मी म्हटलं, "आज काही बघत नाहीस का?" तर म्हणाला, "जाऊ दे. माझी नजर तेवढी नाही." हे तो अगदी सहज म्हणाला, आणि मी सहज ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर ऐकून मला थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग रात्रभर वाईट वाटलं.

बाराव्या दिवशी जोडडोळ्याचा निरोप आला.

जोडडोळा काय आहे ते सांगायला हवं. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत एका मदतनिसाला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून जातो ती वेळ तो साहेबापेक्षा पाऊण सेकंदाहून जास्त उशिरा टिपायचा. पुढे काही वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की तो आळशी नव्हता. प्रत्येक माणसाची नजर आणि हात यांच्यामध्ये थोडा फरक असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. त्यानंतर शास्त्रज्ञ तो फरक मोजून हिशेबात धरायला लागले.

आमच्याकडे तो फरक संगणक मोजतो. प्रत्येक तपासनिसाची पाच वर्षांची 'होय' आणि 'नाही' शिकून संगणकाने त्याची एक जोड तयार केली आहे. जोडडोळा म्हणजे तुमचीच नजर, फक्त न दमणारी आणि न जेवणारी. जेवण झाल्यावर मी जास्त 'नाही' म्हणते, सोमवारी पापण्या जड असतात, ढगाळ चित्रांवर मी वैतागते, हे सगळं त्याला ठाऊक आहे. तुम्ही शांतपणे बघितलं असतं तर काय म्हणाला असतात, ते तो सांगतो. शोध पक्का होऊन नोंद होईपर्यंत त्याचं म्हणणं फक्त त्या तपासनिसाला दिसतं, त्याच्या वरिष्ठालाही नाही. चूक झाली असेल तर पंचेचाळीस दिवसांत 'नाही' मागे घ्यायची मुभा असते.

माझ्या निरोपात लिहिलं होतं: उमेदवार ४४०३. तुमचे उत्तर 'नाही'. तुमच्या जोडडोळ्याचे उत्तर 'होय', ९८ टक्के. फरकाचे कारण: थकवा नाही, जेवण नाही, ढग नाहीत. कारण चित्रात सापडले नाही.

तो निरोप मी बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. दुसऱ्या एखाद्याने मला पकडलं असतं तर मी भांडले असते, नियम दाखवले असते, आवाज चढवला असता. पण ही माझीच नजर होती. माझी नजर धैर्यशीलच्या बाजूने होती, आणि ती त्याच्यावर जळत नव्हती, कारण तिचं त्याच्याशी लग्न झालेलं नव्हतं.

त्यानंतर मी ज्या गोष्टी केल्या त्या मला कोणाला सांगायच्या नव्हत्या. पण आता सांगायला बसलेच आहे तर सगळंच सांगते.

मी ४४०३ ची कक्षा स्वतः काढली. चार दिवस लागले. बर्फाळ गोळ्यांचं कलणं त्या कक्षेने बरोबर जुळत होतं, माझ्या मीन राशीतल्या तुकड्याने जुळायचं त्यापेक्षा चांगलं. माझ्या गणितात एक गृहीत चुकलं होतं. डॉक्टरेटच्या तिसऱ्या प्रकरणात, बाविसाव्या पानावर. सात वर्षांच्या कामावर पाणी पडलं, आणि ते धैर्यशीलच्या घेवड्यामुळे.

दुसरी गोष्ट अजून वाईट. पंचेचाळीस दिवस संपले की बाद उमेदवार जुन्या ढिगात जातो. पाठवणाऱ्याचा त्यावर हक्क राहत नाही. तो ढीग फक्त आम्हा कर्मचाऱ्यांना उघडता येतो, आणि त्यातून कोणी काही शोधून काढलं तर ते त्याचं. हा नियम कोणी फारसा वापरत नाही, कारण ढिगात कचराच असतो. मी दिनदर्शिकेत सेहेचाळिसाव्या दिवशी पेन्सिलीने एक टिंब काढलं. शेजारी काही लिहिलं नाही. स्वयंपाकघरात ती दिनदर्शिका लटकत होती आणि धैर्यशील त्यावर दुधाचे खाडे मांडायचा, माझ्या टिंबाच्या अगदी बाजूला.

मी ते खरंच केलं असतं का? एकविसाव्या दिवशी वाटायचं, छे. तिसाव्या दिवशी मी शोधनिबंधाचं शीर्षक लिहून बघितलं. पस्तिसाव्या दिवशी सारांशही लिहिला, आणि तो चांगला झाला होता.

एक्केचाळिसाव्या दिवशी चहाच्या वेळी मुजावर मॅडम आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. लतीफा मुजावर आमच्या केंद्राच्या प्रमुख. कऱ्हाडच्या. बोलतात हळू, पण त्यांचं बोलणं कोणी मध्येच तोडत नाही.

"तुम्हाला बातमी कळली का?" त्या म्हणाल्या. "परदेशातल्या एका गटानं मोठ्या दुर्बिणीवर आठ रात्री मागितल्यात. कुठला भाग ते सांगत नाहीत, पण ज्या तारखा मागितल्यात त्यावरून दिसतंय. वृषभ."

४४०३ वृषभ राशीत होता.

"मिळाल्या त्यांना?" मी विचारलं.

"सोमवारी ठरेल. का हो, चहा सांडला की तुमचा."

आता मी फार उदात्त काही केलं असं कोणी समजू नये. एक्केचाळीस दिवस मला माझ्या नवऱ्याची दया आली नव्हती. तो पेपर दोनदा वाचत बसायचा तेव्हा आली नाही, आणि 'माझी नजर तेवढी नाही' म्हणाला तेव्हाही आली नाही. पण कुठल्यातरी अनोळखी लोकांना आमच्या घरातला घेवडा मिळणार, ही कल्पना मला क्षणभरही सहन होईना. धैर्यशीलला मिळाला तर निदान तो माझ्यापासून दहा फुटांवर राहणार होता.

मी चहा तसाच टाकून खुर्चीकडे गेले आणि 'नाही' मागे घेतलं. मागे घेताना कारण लिहावं लागतं, ते वरिष्ठांकडे जातं. मी लिहिलं, 'उमेदवार कोणाचा ते मला पहिल्या क्षणी कळले होते. मी तपासायला नको होते.'

वीस मिनिटांत मुजावर मॅडमनी आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"कोणाचा आहे?"

"माझ्या नवऱ्याचा."

"मग नवऱ्याचा आहे म्हणून 'होय' म्हणायचा मोह झाला असता, तर मला समजलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'नाही' म्हणालात."

"हो."

"ठिपका वाईट होता?"

"नाही मॅडम. फार चांगला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नजर वळवली, ते मला जास्त लागलं.

"उद्यापासून तुम्ही तपासणीवर नाही," त्या म्हणाल्या. "उपकरणांच्या जुळणीचं काम बघा. बाकी मी घरी काही बोलणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. तुमच्या जागी दुसरा तपासनीस मी आत्ताच बसवते."

पहिल्या तपासनिसाचं 'होय' आधीच होतं, माझ्या जागी बसलेल्याला 'होय' म्हणायला दहा मिनिटं लागली. लडाखची दुर्बीण पाचव्या रात्री वळली आणि ठिपका जिथे असायला हवा तिथेच होता. परदेशातला गट नऊ दिवस मागे पडला. तीन आठवड्यांनी जाहीर झालं की सूर्यमालेत नववा ग्रह आहे आणि तो धैर्यशील भोईटे, माध्यमिक शिक्षक, दहिवडी, जिल्हा सातारा यांनी शोधला आहे.

त्याला फोन आला तेव्हा तो वर्गात होता. मुख्याध्यापकांनी वर्ग सोडून दिला. घरी आला तेव्हा पोरांनी त्याला गुलाल लावला होता, आणि तो दारातच उभा राहून म्हणाला, "अगं, माझा घेवडा खरा निघाला की!" मी त्याला मिठी मारली. ती मिठी खरी होती. तिच्या खालचा जळफळाटही खरा होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मग सत्कार सुरू झाले. साताऱ्याच्या सत्कारात त्याला फेटा बांधला, शाल दिली, मोठ्ठी फ्रेम दिली. माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. निवेदक माइकवर म्हणाला, "भोईटे सरांना ग्रह शोधताना चहा करून देणाऱ्या वहिनींचंही आपण कौतुक करूया." मी वहिनी. नवव्या ग्रहावर डॉक्टरेट केलेली वहिनी. धैर्यशीलने माइक हातात घेतला आणि सांगितलं, "चहा मी करतो. ठिपके बघायला हिने शिकवलं मला." लोक हसले, टाळ्या वाजल्या, त्याचं अजूनच कौतुक झालं. माणूस चांगला असला की त्याचा हेवा करणं किती अवघड जातं, ते त्या दिवशी मंचावर नारळ सांभाळत मी अनुभवलं.

त्याला अजून काही माहीत नव्हतं. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. रोज कोणीतरी पेढे घेऊन यायचं.

शेवटी केंद्राचा कागद आला. ग्रहाच्या शोधाची पूर्ण नोंद छापली जाते: कोणी पाठवला, कोणी तपासला, कधी काय उत्तर दिलं, जोडडोळ्याने काय म्हटलं, सगळं. छापण्याआधी ती शोधणाऱ्याला दाखवतात. रविवार होता. धैर्यशील जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला, चष्मा यावेळी नाकावर होता. मी पलीकडे मटार सोलत होते. तो वाचत होता तोवर मी सोलत राहिले. मग स्क्रोल करण्याचा आवाज थांबला.

"तपासनीस ब," त्याने वाचलं. "'उमेदवार कोणाचा ते मला पहिल्या क्षणी कळले होते.'"

मी टोपली बाजूला ठेवली.

"हे तू आहेस."

"हो."

"कसं ओळखलंस?"

"बाण."

त्याने पडद्याकडे बघितलं, बहुतेक बाणाकडे. "बघितल्या बघितल्या?"

"हो."

"आणि ठिपकाही कळला होता? खरं सांग."

"कळला होता."

"'कारण चित्रात सापडले नाही,'" त्याने वाचलं. "याचा अर्थ काय?"

"मला तुझा हेवा वाटला, धैर्यशील. तू दोन वर्षं बघितलंस, मी वीस. मला सहन झालं नाही."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. तो ओरडत नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"एक्केचाळीस दिवस," तो म्हणाला. "त्यातला महिनाभर मी स्वतःला मूर्ख समजत होतो. या खुर्चीत बसून तुला म्हटलं, माझी नजर तेवढी नाही. तुला माहीत होतं की आहे."

"माहीत होतं."

"आणि भाजी वाढत होतीस."

मी रडले नाही, कारण रडले असते तर त्याने पाणी आणून दिलं असतं.

"मी म्हसवडला जातो ताईकडे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "चार दिवस, आठ दिवस, माहीत नाही. राग गेला की येईन. गेला नाही तर तसं कळवीन."

"बरं."

तो आत जाऊन पिशवी भरून आला. बूट घालून झाल्यावर पुन्हा लॅपटॉपसमोर बसला. "हे आज पाठवायचंय. इथे एक चौकट आहे. शोधणाऱ्याची इच्छा असेल तर तपासनिसांची नावं झाकता येतात. मग नुसतं 'तपासनीस ब' राहील. कोणाला कळणार नाही." त्याने माझ्याकडे न बघता चौकटीवर खूण केली. "तुझी नोकरी आहे. गावात राहायचंय आपल्याला. झाकतो."

"नको," मी म्हटलं.

"प्रायश्चित्त वगैरे नकोय मला, वृषाली."

"प्रायश्चित्त नाही रे. त्या ग्रहाच्या कागदावर माझं नाव दुसरीकडे कुठेच नाहीये. कक्षेत नाही, गणितात नाही. एवढी एकच ओळ आहे."

आता त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवी भरून आल्यापासून पहिल्यांदा नीट.

"लोक पिढ्यान्‌पिढ्या वाचतील. हिने बघून सोडला म्हणून."

"वाचू देत."

"अजूनही जळतेस तू."

"हो."

त्याने चौकटीतली खूण काढून टाकली. पुढच्या पानावर तपासनीस ब चं छापायचं नाव लिहायची जागा होती. त्याने टाइप करायला कीबोर्डवर बोटं ठेवली. "वृषाली धैर्यशील भोईटे," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"ते नको," मी म्हटलं. "माहेरचं लिही. वृषाली खराडे."

"का?"

"भोईटे लिहिलंस तर लोकांना वाटेल, तेही तुझंच आहे."

त्याने लिहिलेलं खोडलं, आणि एकेक अक्षर दाबत 'खराडे' लिहिलं.